मी घुमवलेलं ताईचं गाणं

मी एक जुनं इको मशीन आहे, मित्रांनो. माझ्या पोटात चुंबकीय फितीचं वेटोळं फिरतं. माझ्यात एक शब्द सोडला, की तो विरत विरत चार-पाच वेळा परत येतो. कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या तारा डाग देऊन जोडल्या. त्यांच्या कामात खोट नव्हती. लाज वाटते ती मला माझ्या कामाची.

मला एका गायकाने घेतलं. तो रेगे, म्हणजे जमैकाकडचं संथ ठेक्याचं संगीत, गायचा आणि त्याची सगळी गाणी वरच्याला उद्देशून असायची. लांब जटा, गाण्याआधी डोळे मिटून बसणं. लोक त्याला साधू म्हणत. त्याची थोरली बहीण शिवणकाम करायची आणि त्याच्यामागे दुसरा आवाज लावायची.

वडिलांच्या आजारपणात उशाशी बसून ताईने एक गाणं रचलं, 'हाक मार, मी जागी आहे.' ते तिने स्वतः गाऊन रेकॉर्डही केलं. मग साधूने त्याचं डब करायचं ठरवलं. डब म्हणजे गाण्यातले आवाज काढायचे, ड्रम आणि बास पुढे आणायचे आणि उरलासुरला एखादा शब्द माझ्यासारख्या मशीनमधून घुमवायचा.

"ताईंचा आवाज किती ठेवू?" रेकॉर्डिंगवाल्या काकांनी विचारलं.

साधू घुटमळला. "काढा. नुसता घुमारा राहू दे. वरून मी गातो."

त्याने 'जागी'चं 'जागा' केलं. माझ्या फितीवर मात्र 'जागी... जागी...' राहिलं. पुरुष गातोय आणि घुमतंय 'जागी', हे कसं, असं कुणीच विचारलं नाही. रेकॉर्डवर छापलं, 'गीत: साधू'.

गाणं तुफान चाललं. रेडिओवर साधू म्हणाला, "ध्यानात बसलो होतो. वरूनच आलं." ताईने ते दुकानात काजं करताना ऐकलं. त्यानंतर ती गायला आली नाही. इकडे जाणकार म्हणायचे, या मशीनला आत्मा आहे. मीही निर्लज्जासारखा फुलून जायचो.

अशी बरीच वर्षं गेली. एका दुपारच्या कार्यक्रमात साधू गाता गाता थांबला. "हे गाणं माझ्या ताईचं आहे. मी चोरलं," तो म्हणाला. लोकांना वाटलं, केवढा हा विनय! टाळ्या थांबेचनात. साधूची मान वर होईना.

तो मला काखोटीला मारून तडक ताईच्या दुकानात गेला आणि दारातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे कबुलीच्याही टाळ्या घेतल्यास," ताई म्हणाली.

"नको होत्या गं मला."

"मग आधी इथे यायचंस." तिने सुई खाली ठेवली. "माझा आवाज आहे का कुठे?"

मूळ फितीवर पुढे दुसरंच गाणं भरलं होतं; ताईचा आवाज पुसला गेला होता.

नव्या रेकॉर्डवर ताईचं नाव आलं. ती मात्र पुन्हा गायली नाही. साधू दर आठवड्याला जातो, ती सांगेल ते कापड कापून देतो. दोघं फारसं बोलत नाहीत.

मित्रांनो, मी आता फळीवर धूळ खात पडलोय. मला पुसलंत तर बरं वाटेल, नाही पुसलंत तरी चालेल. पण कुणाचा आवाज गाण्यातून काढायचा झाला, तर त्या माणसाला आधी विचारा. मी फक्त घुमवू शकतो. पुसलेलं मला परत म्हणता येत नाही.