शेपटीकडचे पट्टे

वडगावात हातमागाच्या खड्ड्यात अंबुबाईंच्या सुनेच्या, तेजस्वीच्या पायाला साप चावला. तिचा नवरा रविराज तिला दवाखान्यात घेऊन गेला आणि तिथूनच त्यानं अनगोळच्या मारुतीरावांना फोन लावला. "अण्णा, लोक मण्यार म्हणत्यात. आईनं मारलाय, आता जाळाय निघालीया. आधी बघा तेवढं!"

मारुतीराव साप ओळखणारे, धरून रानात सोडणारे. काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. टाळ शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवून ते उठले.

अंबुबाईंच्या परसात शेणींचं सरण पेटलं होतं. वर साप, त्याच्या ठेचलेल्या तोंडात तांब्याचा पैसा.

"आक्का, थांब!"

"सरक मारुती. अर्धा जळालेला साप डूख धरतोय. माझी सून हाय तिकडं."

"तिच्यासाठीच बघायचाय."

"काला सोडून आलास, आन् सरणावरनं उचलतोस व्हय? कीर्तनात ह्येच शिकलास?"

"देवाला काय वाहतो ते आधी बघावं, असं बुवा सांगत्यात. तू बघितलंस?"

अंबुबाई बाजूला झाल्या.

मारुतीरावांनी हातानंच साप ओढून काढला. अंगठा भाजला. डोकं चेचलेलं, म्हणून त्यांनी मानेपासून बघायला घेतलं. मण्यारीचे पट्टे मानेकडं विरळ आणि शेपटीकडं ठळक. हे उलटं होतं. मानेपाशी रुंद, पिवळट पट्टे आणि शेपटीकडं विरत गेलेले. पाठीच्या मधोमध मण्यारीला मोठ्या खवल्यांची ओळ असते. राख पुसून त्यांनी तीनदा पाहिलं. सगळे खवले सारखेच बारीक होते.

"कवड्या हाय, आक्का. इख न्हाय ह्याला. पाली खाऊन जगतोय."

त्यांनी फोटो डॉक्टरांसाठी रविराजला पाठवला आणि फोनवर बजावलं, "तरी डॉक्टर सोडंपर्यंत हलायचं न्हाय."

 "वाचली गं माझी बाय!" अंबुबाई रडता रडता हसल्या. मग मारुतीरावांच्या तळव्यावरच्या त्या हातभर जीवाकडं वाकून बघू लागल्या.

"मग ह्यानं काय केलतं रं?"

"पाय पडला असंल अंगावर. भ्यालं असंल."

"मी लई मारलं. मेल्यावर बी मारत हुते."

 मारुतीरावांनी साप परत शेणींवर ठेवला. तूप अंबुबाईंनी ओतलं. मारुतीराव हळू आवाजात देवाचं नाम घेऊ लागले. नामाच्या दुसऱ्या फेऱ्याला अंबुबाईंनी मधेच विचारलं, "नाव काय म्हणालास ह्याचं?"

"कवड्या."

"कवड्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जाळाला हात जोडले.