माहेराचा माग

मी वच्छलाबाईच्या अंगातला, आईकडून लेकराला मिळणारा डीएनए बोलतोय. शास्त्रवाले मला मायटोकॉन्ड्रियल म्हणतात. नाव गाडीभर, अंगाने मात्र डोळ्यांना न दिसणारा. बाप मला देत नाही, आईच देते. लेकाला मी मिळतो खरा, पण त्याच्यापाशीच संपतो. पुढे नेते ती लेक.

एखादा व्यापारी काय फिरेल, एवढा मी फिरलोय. आफ्रिकेतून निघालो आणि समुद्राच्या कडेकडेने, आयांच्या पोटातून पिढ्यान्‌पिढ्या इकडे आलो. वाटेत माझ्यावर बारीक खुणा उमटत गेल्या. त्यांवरूनच माणसं माझा माग काढतात.

वच्छलाबाई भैंसा गावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सापडलेली, सरकीच्या पोत्यांआड, फडक्यात गुंडाळलेली. तिथल्या रामाजी जमादाराने तिला वाढवलं, तलमडुगू गावात उजवलं आणि तोही गेला. सासरी काही कमी नव्हतं. पण सणाला शेजारणी माहेरी निघाल्या, की बाई झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

यंदा तिच्या एकुलत्या लेकाचं, भारतचं, लग्न ठरलं. मांडवात वरमाईला माहेरचा आहेर लागतो. तो आणणार कोण? त्याच सुमारास मीनल नावाची संशोधक, जुन्या माणसांच्या वाटा शोधत गावात आली. बाकीच्या बाया दबकत होत्या, वच्छलाबाईने पुढे होऊन तपासणीला लाळ दिली.

जावेने टोमणा मारलाच, "थुकीतून भाऊ निघते काय वं बाई?"

लग्नाच्या तोंडावर मीनल निकाल घेऊन आली. नकाशावर बोट फिरवत तिने हजारो वर्षांची वाट दाखवली. तसाच माग बेल्लमपल्ली गावच्या काही बायांतही सापडल्याचं सांगितलं. पण तोही फार जुना.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते समदं झालं, पोरी. माही माय कोन्या गावची?"

मीनलने नकाशा मिटला. "इतकं जवळचं यात दिसत नाही, मावशी."

मला तिची आई ठाऊक आहे. तिच्याच पोटात तर मी हिला मिळालो. पण माझ्यापाशी ना नाव, ना गाव, ना चेहरा. एवढ्या लांबून आलो, आणि मागचं एकच घर दाखवता येत नाही.

मांडवात भटजींनी पुकारा केला, वरमाईच्या माहेरचं कोणी आहे का? वच्छलाबाईने पिशवीतून स्वतःच घेतलेलं हिरवं लुगडं काढलं, कपाळाला लावलं आणि मांडीवर ठेवलं.

"मायनं धाडलं," ती म्हणाली.

जाऊ उठली आणि तिची ओटी भरू लागली.

वच्छलाबाईला लेक नाही. आता मी भारतपाशी आहे, त्याच्यापुढे नाही. जाता जाता एवढंच मागतो. तुमची आई घरात असेल, तर तिला तिच्या आईचं नाव विचारून ठेवा. ते माझ्यात कुठेच लिहिलेलं नसतं.