घेणाऱ्याचं नाव

"तांब्या टेबलावर ठेवू नका," शिपाई म्हणाला.

यल्लाप्पा कांबळेंनी तांब्या उचलून मांडीवर घेतला.

"पाणी हाय का त्यात? सांडलं तर कागदं भिजत्याल."

"पाणी न्हाई. पुरावा हाय."

शिपाई हसला. बाकावर बसलेले दोघेतिघेही हसले. त्यातल्या एकाची तक्रार फ्रिजबद्दल होती. त्यानं विचारलं, "काका, तांब्या गळतोय व्हय?"

"न्हाई गड्या. चौतीस वर्सं झाली, थेंब गळाला न्हाई. म्हणून तर आणलाय."

सांगलीच्या ग्राहक आयोगात यल्लाप्पांची ही तिसरी तारीख होती. वकील दिलेला नव्हता. "इथं आपलं आपण बोललं तरी चालतं, आप्पा," असं अक्षतानं, त्यांच्या मुलीनं, सांगितलं होतं. ती विश्रामबागेतल्या एका कॉलेजात कारकून होती आणि आज रजा काढून शेजारी बसली होती. बोलायची यल्लाप्पांना भीती नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात हळदीची पोती तोलली होती. दिवसाला शेकडो वजनं ओरडून सांगितली होती. घोर वेगळाच होता. ज्याच्यासाठी आलोय ती गोष्ट हातात धरून दाखवता येत नव्हती.

तक्रार मोबाईलवरच्या एका खेळाची होती. वाघ-बकरीच्या. आणि तो खेळ यल्लाप्पांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा, बनाबाईंचा होता.

बनाबाईंचं माहेर पाटणकडचं. लहानपणी त्या शेरडं राखायच्या. देवळाच्या फरशीवर वाघ-बकरीचा पट कोरलेला होता, पण त्या फरशीवर त्यांच्या घरातल्या पोरींनी बसायचं नव्हतं. मग त्यांच्या आज्यानं माळावरच्या कातळावर दगडानं तसाच पट ओढून दिला. तिथं त्या शिकल्या. तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो. शेळ्यांनी वाघाला चहूकडून कोंडायचं. बनाबाई जन्मभर शेळ्यांच्या बाजूनंच खेळल्या.

"वाघ कुणीबी चालवंल," त्या म्हणायच्या. "शेळ्या राखायला डोकं लागतं."

सही त्या लग्नानंतर शिकल्या, वस्तीतल्या साक्षरता वर्गात. एक्क्याण्णव साल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. जयंतीच्या दिवशी त्या एकट्या भांडीबाजारात गेल्या, स्वतःच्या मजुरीतून पितळेचा तांब्या घेतला आणि नाव घालणाऱ्यापुढे बसल्या. त्यानं सवयीनं विचारलं, "कुणाकडनं भेट घालू?" बनाबाई म्हणाल्या, "भेट कुणाची? म्या घेतलाय." मग त्याच्या हातातली खिळ्यासारखी छिन्नी थांबवून त्यांनी कागदावर आपलं नाव लिहून दाखवलं. अस्संच घाल म्हणाल्या. बनाबाई यल्लाप्पा कांबळे. १४-४-९१.

त्यानंतर दर जयंतीला एक भांडं. ताट, पातेलं, कळशी, एकदा तर नुसता झारा. प्रत्येकावर तेच नाव आणि तारीख. त्यांच्या आईच्या घरात एकाही भांड्यावर नाव नव्हतं, बनाबाईंच्या घरात नावाशिवाय भांडं नव्हतं. यल्लाप्पा चेष्टा करायचे, "माझ्या पाठीवर तेवढं घालायचं ऱ्हायलं."

"तुमी कुठं पळून चाललाय?" त्या म्हणायच्या. "भांडी परगावी जात्यात, लग्नाकार्याला."

करोनाच्या पहिल्या वर्षी नेम मोडला. दुसऱ्या वर्षीही जयंतीला भांडीबाजार बंद. बनाबाई सकाळपासून ट्रंकेतली जुनी भांडी काढून पुसत होत्या. त्या दिवसांत अक्षतानं त्यांना मोबाईलवर वाघ-बकरीचा फुकटातला खेळ काढून दिला होता, पण दर दोन खेळांनंतर जाहिराती यायच्या. दुपारी बनाबाईंनी पडद्यावरची अक्षरं बोट फिरवत मोठ्यानं वाचली. "विकत घ्या. एकदाच पैसे भरा. कायमचा तुमचा."

"आक्षे, ह्ये खरं हाय?"

"हो आई. मग जाहिराती नाहीत, आणि आप्पांच्या मोबाईलवरून त्यांच्याशीही खेळता येईल."

"मग घे. यंदाचं भांडं ह्येच."

पैसे गेल्यावर त्यांनी विचारलं, "पावती कुठाय?" अक्षतानं पडद्याचे फोटो काढले, आलेली पावती दाखवली. ते सगळं छापून आणेपर्यंत बनाबाईंनी तिला सोडलं नाही. कागद भांड्यांच्या ट्रंकेत गेला. खेळानं खेळाडूचं नाव विचारलं, तेव्हा लोक लिहितात तसं काही छोटं न लिहिता त्यांनी एकेक अक्षर शोधून भरलं: बनाबाई यल्लाप्पा कांबळे १४-४-२१.

पुढची अडीच वर्षं नवराबायको एकाच खोलीत, दोन मोबाईल घेऊन खेळली. यल्लाप्पा हरायचे. मिरजेच्या दवाखान्यात बनाबाईंना ठेवलं तेव्हाही खेळ चालू होता. ते डबा आणायला सांगलीला यायचे, त्या खाटेवरून चाल करायच्या. शेवटची चाल त्यांनी मंगळवारी सकाळी केली. यल्लाप्पा शहर बसमध्ये उभे होते. मोबाईल वाजला, त्यांनी पाहिलं. दोन वाघ कोंडलेले, तिसऱ्याला एकच घर मोकळं. तिथं गेलं की मागून शेळी येऊन दार लावणार. वर जाऊन शिव्या घालू, असं म्हणत ते दवाखान्याचा जिना चढले. वर शिव्या घ्यायला कुणी नव्हतं.

ती चाल त्यांनी केली नाही. खेळात लिहिलेलं असायचं, 'तुमची पाळी.' रोज सकाळी चहा घेताना ते उघडून बघायचे आणि बंद करायचे. सात महिने. मग एका सकाळी पट आलाच नाही. दोन ओळी आल्या. हा खेळ बंद करण्यात आला आहे, आमच्या नवीन खेळाचे मासिक सभासद व्हा.

अक्षतानं कंपनीला आठ वेळा लिहिलं. आठही वेळा सभासद व्हा हेच उत्तर आलं, सूरही तोच. तेव्हा यल्लाप्पांनी ट्रंक उघडली.

"तक्रार क्रमांक..." शिपायानं पुकारा केला. "यल्लाप्पा कांबळे."

अध्यक्ष बाई चष्मा पुसत होत्या. कंपनीचे वकील विश्वजीत घोरपडे तरुण होते, मऊ बोलायचे. मागच्या तारखेला त्यांनी बाहेर यल्लाप्पांना चहा पाजला होता आणि म्हणाले होते, "आजोबा, कंपनी पैसे परत द्यायला तयार आहे. वर थोडे जास्तच. कशाला हेलपाटे घालता?" यल्लाप्पांनी चहा घेतला होता, पैसे नाही.

आता घोरपडे उभे राहिले. "मॅडम, मुद्दा सोपा आहे. तक्रारदारांच्या पत्नीनं खेळ विकत घेतलेला नाही. त्यांनी तो वापरण्याचा परवाना घेतला. कंपनी तो केव्हाही थांबवू शकते. तसं अटींमध्ये स्पष्ट आहे, आणि त्यांनी 'मान्य' हे बटण दाबलेलं आहे. शिवाय परवाना ज्या व्यक्तीचा, तिच्याबरोबर तो संपतो."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी आवाज खाली आणला होता. यल्लाप्पांना ते कळलं. माणूस वाईट नव्हता.

"काका, तुम्हाला काय म्हणायचंय?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

यल्लाप्पा उठले. रात्री अक्षतानं लिहून दिलेला कागद खिशात होता. तो त्यांनी काढला नाही.

"मॅडम, ह्यो तांब्या टेबलावर ठेवू का? शिपायानं मना केलंय."

"ठेवा."

"ह्यो माझ्या मालकिणीनं एक्क्याण्णव साली घेतला. ज्या दुकानात घेतला, त्यो दुकानदार वारला. पोरांनी दुकान मोडलं. आता तिथं मोबाईलचं दुकान हाय. पर तांब्या परत न्यायला कुणी आलं न्हाई. माझी बायकू गेली. तवाबी कुणी आलं न्हाई, की बाई गेली, आता तांब्या द्या म्हणून."

मागच्या बाकावर कुणीतरी "बराबर" म्हणालं. शिपायानं तिकडं डोळे वटारले.

"आजोबा, तांब्या ही वस्तू आहे," घोरपडे म्हणाले.

"व्हय. मी छत्तीस वर्सं वस्तूच तोलल्या साहेब. आमच्या यार्डात एक रीत हाय. वजन झालं, पोत्यावर घेणाऱ्याचा मार्का पडला, की विकणाऱ्यानं पोत्यावरचा हात काढायचा. मग त्यो कितीबी मोठा बागायतदार असंना. पैसं घेऊन पुन्हा पोत्यावर हात ठेवणाऱ्याला आमच्यात काय म्हणत्यात, ते मी हितं सांगत न्हाई."

अध्यक्ष बाईंनी ओठ मिटून हसू आवरलं. "अटी किती पानांच्या आहेत, वकीलसाहेब?"

"बेचाळीस, मॅडम."

"मराठीत?"

"इंग्रजीत. खेळ जगभर..."

"आणि बटण?"

घोरपडेंनी कागद चाळले. अक्षतानं पुढं होऊन ट्रंकेतला कागद दिला. चार वर्षांत घडीवर पिवळा पडला होता. अध्यक्ष बाईंनी तो मोठ्यानं वाचला. बनाबाईंनी वाचला होता तसाच, थांबत थांबत. "विकत घ्या. एकदाच पैसे भरा. कायमचा तुमचा." मग त्यांनी वर पाहिलं. "पैसे घेताना मराठी, आणि खेळ काढून नेताना इंग्रजी. असं आहे का?"

घोरपडेंनी हातातले कागद खाली ठेवले.

"काका, तुमची मागणी काय? भरपाई?"

"न्हाई. खेळ पायजे. अर्धा ऱ्हायलाय."

"कंपनीकडं तो आता शिल्लकच नाही, मॅडम," घोरपडे म्हणाले. "जुनी माहिती पुसली गेली आहे. मी स्वतः दोनदा विचारलं. खरंच नाही." आणि मग यल्लाप्पांकडं वळून, "खरंच नाही हो आजोबा."

अक्षतानं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"मग एवढं लिहून द्या," ते म्हणाले. "तिनं मागून आणलेला नव्हता. भाड्यानं घेतला नव्हता. इकत घेतला हुता. एवढं तिच्या नावानं लिहा. तिला नाव घातल्याबिगर चालत नव्हतं."

निकाल सव्वा महिन्यानं आला. कंपनीनं खेळाची किंमत परत द्यावी, वर मनस्तापाची भरपाई द्यावी, असं त्यात होतं. यल्लाप्पांनी ते ऐकून घेतलं. मग अक्षताला पाचव्या पानावरचं एक वाक्य दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा स्वतः चष्मा लावून वाचलं. 'कालकथित बनाबाई यल्लाप्पा कांबळे या सदर खेळाच्या परवानाधारक नसून खरेदीदार होत्या.'

त्या संध्याकाळी ते वस्तीतून उगाचच एक फेरी मारून आले. कोपऱ्यावर नागसेन भेटला, वस्तीतल्या विहाराचं काम बघणारा.

"जय भीम आप्पा. जिंकला म्हणं?"

"जय भीम. मी न्हाई रं," यल्लाप्पा म्हणाले. "ती."

पुढच्या जयंतीला ते भांडीबाजारात गेले. पितळेचं एक मोठं सपाट ताट घेतलं. नाव घालणारा जोतिबा आता विजेच्या सुईनं नावं घालतो. यल्लाप्पांनी त्याच्यापुढं कागद ठेवला. त्यावर पट काढलेला होता, सगळ्या रेघांसह.

"ह्ये घाल मधी. आन् काठावर नाव."

"ही काय रांगोळी हाय?"

"वाघ-बकरी."

"आयला! माझा आजा खेळायचा." जोतिबानं सुई लावली. ती भुंग्यासारखी गुणगुणायला लागली. पट झाल्यावर त्यानं विचारलं, "नाव काय घालू? यल्लाप्पा कांबळे यांजकडून?"

"न्हाई. ह्ये कुणाकडनं न्हाई. बनाबाई यल्लाप्पा कांबळे. तिनं घेतलंया."

जोतिबानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. बनाबाई वारल्याचं त्याला माहीत होतं. मग सुई लावून त्यानं नाव घातलं. "तारीख आजची?"

"चौदा चार एकवीस."

घरी येऊन त्यांनी तांब्याशेजारी ताट मांडलं. यार्डातून आणलेली तीन हळकुंडं वाघ म्हणून ठेवली. चिंचोके शेळ्या म्हणून. सात महिने रोज पाहिलेला पट होता, एकही चिंचोका कुठं ठेवायचा हे आठवावं लागलं नाही. दोन वाघ कोंडलेले. तिसऱ्याला एकच घर मोकळं.

"आप्पा, जेवायला चला," अक्षतानं आतून हाक मारली.

"आलो. पाळी माझी हाय."

त्यांनी तिसरं हळकुंड उचललं आणि त्या मोकळ्या घरात ठेवलं. मग एक चिंचोका सरकवून मागचं दार लावलं. सावकाश, आपल्या नाही, तिच्या हातानं लावावं तसं. आता वाघाला कुठंच जाता येत नव्हतं.

यल्लाप्पांनी ताटावरचा हात काढला.