खडूची फुली

मामा गॅसफिटर, तोही तीस वर्षं मुरलेला. पण त्या सकाळी त्यानं उतावळ्या नवऱ्यासारखं गुडघ्याला बाशिंग बांधलं. भाच्यानं महिन्यापूर्वी घेतलेलं हे घर तो पहिल्यांदाच बघत होता. मागच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, भाच्यानं खडूनं फुली मारून ठेवली होती.

"आईच्या खोलीचा हीटर, मामा. सिलिंडर बाहेर, नळी इथून आत."

अक्का थंडीनं गारठलीय म्हटल्यावर मामानं आत न डोकावताच ड्रिल लावलं.

भोक पाडून तो बहिणीला भेटायला गेला, तर सहा पायऱ्या खाली उतरावं लागलं. बाहेरून वीतभर उंचीवरचं भोक आतून थेट छताला टेकलं होतं. खोली नव्हेच ती, तळघर! पलंगावर दोन गोधड्यांत अक्का, ओठ निळे पडलेले, केसांवर भिंतीची माती.

"धाकट्या, तूच का तो उंदीर?" ती हसली.

तो तसाच वर गेला.

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो," त्यानं भाच्याला सांगितलं. "गळला तर पाण्यासारखा खाली साचतो. तळघरात हा हीटर लावायचा नसतो. मी लावणार नाही."

"तुमचा जॉइंट कधी गळलाय, मामा?"

"आज नाही गळणार रे. दोन वर्षांनी गळला तर ती पळणार कुठे?"

"मग काय करू? विजेचा हीटर लावला की फ्यूज उडतो. वर शिलाईची मशिनं आहेत, त्यांवर घर चालतं. तिला मशिनावर झोपवू?" भाच्याचा आवाज चिरकला. वाईट नव्हता तो पोरगा, तेच तर दुखणं होतं.

मामा पुन्हा खाली गेला. "अक्का, माझ्याकडे चल."

"या सहा पायऱ्या चढवत नाहीत मला, आणि तू तिसऱ्या मजल्यावर! खांद्यावर नेशील?"

साठीच्या मामानं स्वतःच्या खांद्यांकडे बघितलं.

निघताना त्यानं भाच्याला पुन्हा बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. "तुम्ही नाही तर दुसरा लावेल," भाचा म्हणाला, तेही मान खाली घालून. मामानं गॅसच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, घरमालकाची तक्रार हवी, नातेवाइकाची चालत नाही.

निदान आपण पाडलेलं भोक तरी बुजवावं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तो डब्यात सिमेंट कालवून, थापी घेऊन मागच्या अंगणात गेला. भिंतीशी सिलिंडर उभा होता. तांब्याची नळी नीट वळवून त्याच्याच भोकातून आत गेली होती.

डबा तिथेच ठेवून तो खाली उतरला. पिशवीतली साबणाच्या पाण्याची बाटली काढून प्रत्येक जॉइंटवर फवारलं. एकही बुडबुडा नाही. कुणी केलं होतं देव जाणे, पण काम चोख होतं. नावं ठेवायलासुद्धा जागा नव्हती. त्याचा हात हीटरच्या चावीवर गेला.

"आलास?" अक्का म्हणाली. तिच्या अंगावर आज एकच गोधडी होती. ओठांना रंग आला होता. "महिन्यानं पहिल्यांदा पाय माझे वाटतायत बघ. पोरगा म्हणाला, भोक मामानंच पाडलं म्हणून काम झटक्यात झालं. माझा गुणाचा भाऊ गं!"

मामाला रडू फुटायचं बाकी होतं. चावी बंद केली, तर तिचे ओठ पुन्हा निळे होताना त्यालाच बघावं लागणार होतं. त्यानं हात काढून घेतला.

"आणि ते दार उघडं काय टाकलंस? लाव बघू, ऊब जाते सगळी."

मामानं दार लावलं. मग घरी जायचं सोडून तो तिच्या पायथ्याशी बसला, आणि नाकानं हवा हुंगत राहिला.