कमलम्मांच्या दारची भिक्षा

"हळू, हळू! तिची एक कडी ढिली हाय," मठाच्या स्वयंपाकघरातून मोठी डेग बाहेर निघाली तेव्हा पंचाक्षरी अय्या कळवळून ओरडले. तरुण मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ती बैलगाडीत चढवली. मागोमाग पराती, झारे, घमेली, सगळा संसारच निघाला. उदगीरच्या त्या मठात अय्यांनी उभा जन्म काढला होता. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. सकाळी झोळी घेऊन ठरलेल्या घरांतून भिक्षा आणायची आणि दुपारी आल्यागेल्याला प्रसाद म्हणून जेवू घालायचं. जंगमाच्या पोटी जन्मलेल्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे, असं त्यांना वाटे.

"अय्या, तोंड काहून पाडता?" आडत्यांचे अध्यक्ष माणिकप्पा हसून म्हणाले. "समदं तुमच्याच हाताखाली चालनार हाय. आमी येगळं वाटून राहिलो, बायांचं मंडळ येगळं, मठ येगळा. कुनाला दोनदा, कुनाला कायबी न्हाई. आता एकच चूल. लातूरचे साहेब सुदिक खूश झाले."

माणिकप्पांचं काही चुकत नव्हतं. यंदाही पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. जिल्हा नवा झाला होता. आधी कामासाठी उस्मानाबादची धूळ खावी लागे, आता लातूर. साहेब जवळ आले आणि पाऊस तेवढा लांब गेला, असं लोक म्हणत. अशा दिवसांत व्यापारी, महिला मंडळ, तरुण मंडळ आणि मठ एका सतरंजीवर बसले, न भांडता आपापला दाणा एकत्र केला, हे काय थोडं झालं? शाळेच्या मैदानावर मांडव पडला. वर कापडी फलक लागला, 'संयुक्त दुष्काळ निवारण केंद्र'. पातळ आंबिलीच्या जागी भात आणि घट्ट वरण आलं. खडी फोडणारी माणसं पोटभर जेवताना बघून अय्यांचे डोळे भरून आले.

तरी त्यांची नजर पंगतीवरून फिरतच राहिली. कमलम्मा आल्या नव्हत्या.

कमलम्मा म्हणजे एके काळचं भरलं घर. जमीन होती तशीच होती, पण विहिरीचा तळ उघडा पडला होता. नवरा वारलेला, मुलगा मन्मथ कामासाठी हैदराबादकडे गेला तो गेलाच. गेल्या उन्हाळ्यापासून त्या रोज मठात 'दर्शनाला' येत. रिकाम्या हाताने मठात जायचं नसतं, म्हणून गुरूंच्या गादीपुढे मूठभर ज्वारी ठेवत आणि मग प्रसादाच्या पंगतीत बसत. पुढे मुठीची चिमूट झाली, नंतर नुसतं बेलाचं पान. अय्या ते पानही तेवढ्याच आदराने उचलत आणि त्यांच्या वाटीत आंबील जरा जास्त ओतत. त्या घरची चूल पेटत नाही हे अय्यांना ठाऊक होतं, आणि अय्यांना ठाऊक आहे हे कमलम्मांना. दोघांनीही कधी शब्द काढला नाही. देवाला दिलं, देवाचं खाल्लं, त्यात लाजायचं काय?

एक दिवस त्या मैदानाच्या फाटकाशी दिसल्या. अय्यांचा जीव भांड्यात पडला.

"हे कुटं ठिवायचं?" कमलम्मांनी मूठ उघडून विचारलं. आत बेलाचं पान होतं.

महिला मंडळाच्या उमाबाई लगबगीने पुढे झाल्या. "मावशी, इथं कायबी द्यायचं न्हाई. फुकट हाय समदं. या, बसा." उमाबाई मनाच्या चांगल्या. त्यांनी हाताला धरून जागाही दाखवली. कमलम्मांनी वरच्या फलकाकडे पाहिलं, मग पंगतीकडे. पंगतीत त्यांच्याच शेतावर राबलेली माणसं बसली होती.

"मी सहजच आलते," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून माघारी वळल्या.

त्या संध्याकाळी अय्यांनी माणिकप्पांना गाठलं. "मठात एक लहानशी चूल राहू द्या मालक. थोडी मान्सं हायती, ती हितं येनार न्हाईत."

"एकाला येगळी चूल दिली की उद्या समदे मागतेत. मंग एकी कुटं राह्यली?"

"मी डबा पाठवते की त्यांच्या घरी," शेजारी भांडी मोजणाऱ्या उमाबाई म्हणाल्या.

"घ्यायच्या न्हाईत त्या."

"मग काय करावं, तुमीच सांगा अय्या."

मठाच्या महाराजांनी केंद्राच्या समितीला शब्द दिलेला, आणि मठाच्या कोठीत दाणाही उरला नव्हता. कुणी एक जण वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. इथं सगळेच भले होते, आणि कमलम्मा उपाशी होत्या.

सकाळी अय्यांना युक्ती सुचली. डबा हातात घेऊन गेलं तर गल्ली बघणार. झोळी घेऊन गेलं तर कोण काय म्हणतंय? जंगम भिक्षेलाच आलाय, असं वाटेल. त्यांनी भात-वरणाचा डबा भरला, गादीला दाखवून त्याचा प्रसाद केला, झोळीत तळाशी ठेवला आणि स्वतःच्या अकलेवर खूश होत निघाले.

"भिक्षा, अम्मा!" दारात उभं राहून त्यांनी नेहमीसारखी घंटा वाजवली. समोर अंगण झाडणारी साखराबाई केरसुणी धरून थांबली.

कमलम्मा उंबऱ्यात आल्या. चेहरा पार उतरला होता. अय्या वाकून हळूच म्हणाले, "झोळीत डबा हाय अम्मा. प्रसाद हाय, गादीला दाखवलाय. आत येऊन देतो."

"आत कसं बोलवू स्वामी? पाय धुवायला घरात पानी न्हाई." मग समोरच्या अंगणाकडे बघत त्या मोठ्याने म्हणाल्या, "थांबा हं. आनते."

आतून एकावर एक रचलेली मडकी उतरवल्याचा आवाज येऊ लागला. तेव्हा अय्यांच्या लक्षात आलं. त्या दारातून जंगम कधी रिकामा गेला नव्हता. गल्लीदेखत भिक्षा मागून बसलो, आता न घेता निघालो तर घराचा अपमान.

कमलम्मा सूप घेऊन आल्या. सुपात राख माखलेली, कडुलिंबाचा पाला मिसळलेली ज्वारी होती.

"अम्मा, हे बियानं हाय!"

"झोळी धरा."

"पेरनीला काय करताल?"

"धरा स्वामी. बघून राहिलेत लोकं."

अय्यांनी झोळी पसरली. ज्वारी सळसळत आत पडली आणि डबा दिसेनासा झाला. "डबा तरी ठिवून घ्या," ते कसेबसे म्हणाले. त्यांना रडू आवरेना.

"आजवर या दारातून झोळीत घातलं, स्वामी. झोळीतून काढलं न्हाई." त्यांनी वाकून अय्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, भिंतीला धरून उठल्या आणि दार लोटून घेतलं.

साखराबाईने केरसुणी खाली टाकून हात जोडले. "घर म्हनावं तर असं, अय्या! आमी समदे जाऊन केंद्रावर बसलो, पर कमलम्माच्या दारातून अजूनबी सुपानं भिक्षा निघते. त्यान्ला काय कमी हाय!"

अय्यांनी बंद दाराकडे पाहिलं. आतून काही आवाज नव्हता.

"हाव," ते मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "त्यान्ला काय कमी हाय."