सात-सदतीस की सहा-एकेचाळीस

किशोरीच्या ट्रकला लांब नाक होतं, दोन गोल डोळे होते आणि कोळीवाड्यातल्या निम्म्या माणसांपेक्षा जास्त वय होतं. वडील, कमलेश, गेले तेव्हा त्यांच्यामागे हा ट्रक आणि किशोरी असे दोघेच उरले, आणि दोघांनाही सकाळी सुरू व्हायला वेळ लागायचा.

मे महिना उतरणीला लागला आणि ट्रकचं क्राउन-पिनियन तुटलं. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध जे लोखंडी पोट असतं, त्यातली दातांची जोडी. बोर्ली पंचतनचे येसाजी मिस्त्री भंगारातून एक सोडून दोन जोड्या घेऊन आले. आयुष्यात त्यांनी ‘ठाऊक नाही’ हे शब्द कधी उच्चारले नव्हते.

“ही सात-सदतीस. लहान चाकाला सात दात, मोठ्याला सदतीस. ही घातलीस तर ट्रक पळेल. ही सहा-एकेचाळीस. ही घातलीस तर ट्रक ओढेल. दोन्ही एकदम बसत न्हाईत. आधीच सांगून ठेवतो, मागं एकानं विचारलं होतं.”

किशोरीचा डोळा सात-सदतीसवर होता. अलिबागला अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि तिनं नाव देऊन ठेवलं होतं. अट एकच, बाकीच्यांच्या बरोबरीनं धावायचं. वडिलांचा ट्रक शेवटी रेंगाळतोय आणि मागून रिक्षावाले हॉर्न मारतायत, हे तिला स्वप्नातही नको होतं.

पण सगुणाआत्याची होडी अजून पाण्यात होती.

आत्या म्हणजे कमलेशची थोरली बहीण. पावसाआधी गावातल्या सगळ्या होड्या वाळूवर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात, तशा बाकीच्या जेसीबीनं वर काढून झाल्या होत्या. आत्याच्या ‘केसर’च्या फळ्या मात्र इतक्या म्हाताऱ्या की जेसीबीवाला तिला बघून मशीन बंद करून खाली उतरला. म्हणाला, “मावशी, मी ओढली तर अर्धी वर येईल. उरलेली तुम्ही आणा.” पाण्यात ठेवावी तर पहिल्याच वादळात भुगा. आणि होडी गेली की आत्यानं पुढं दुसऱ्यांची मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायचं.

“सात-सदतीसनं ओढणार न्हाय का ती?” किशोरीनं विचारलं.

“ओढेल की,” मिस्त्री म्हणाले. “ पण वाळूत उचलताना क्लच अर्धा धरावा लागणार. मग गाडी हिसका देणार, आणि तो हिसका जाणार कुठं? होडीत. सहा-एकेचाळीसला क्लच पूर्ण सोडता येतो, मुंगीच्या पावलानं ओढेल.”

“आत्ये, तू सांग.”

“मी काय सांगू? ट्रक तुझा,” आत्या म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली त्यानं तिथलं मांजरसुद्धा उठून गेलं.

मग देवीला कौल लावायचं ठरलं. हे कुणी सुचवलं ते आता कुणीच कबूल करत नाही. लग्न, जमीन, नवी होडी, सगळ्याला गावात कौल लागतो. गिअरला कधी लागला नव्हता. तुकाराम गुरवानं ग्रीसनं माखलेल्या दोन्ही जोड्या केळीच्या पानावर मांडल्या, त्यांना हळद-कुंकू वाहिलं आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या.

“आई, उजवी पडली तर सात-सदतीस. डावी पडली तर सहा-एकेचाळीस. लेकरू अडलंय, वाट दाखव.”

सगळे बघत बसले. पाकळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून सरकत खांबापर्यंत गेलं. येसाजी मिस्त्रींना डुलकी लागली आणि ते झोपेतही मान हलवून कुणाशी तरी वाद घालत राहिले.

“तुक्या, देवीला गिअरमधलं कळतं का पण?” आत्यानं हळूच विचारलं.

“कळतं सगळं. तिला घाई न्हाय, एवढंच,” गुरव म्हणाला.

किशोरीनं वर पाहिलं. दगडातले ते रुंद खांदे, त्यावर त्या दोन पाकळ्या. गावात इतकी लग्नं झाली, इतक्या होड्या गेल्या नि आल्या, बाईनं जागचा खांदा हलवला नव्हता. कुणाच्या बरोबरीनं धावायचं तिच्या मनातही आलं नसेल. किशोरी उठली आणि तिनं पानावरची सहा-एकेचाळीस उचलली.

“अगो, कौल कुठं झालाय?” गुरव ओरडला.

“झाला,” किशोरी म्हणाली. गिअर इतका जड होता की त्यापुढं बोलणं शक्य नव्हतं.

अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारच्या भरतीत, ‘केसर’ला दोर बांधला. पुढं ओंडके अंथरले. फळी करकरली तर ओरडायला आत्या स्वतः होडीत बसली, समुद्राकडं तोंड करून. होडी फुटताना बघायची तिची तयारी नव्हती, म्हणून नजर गुंतवायला हातात चहाचा कप घेतला होता.

किशोरीनं पहिला गिअर टाकला आणि क्लच पूर्ण सोडून दिला.

काहीच झालं नाही. निदान तसं वाटलं. दोर ताणला गेला, पण हिसका नाही. चाकं फिरतायत का म्हणून बघायला पोरं वाळूवर आडवी झाली. एक कोंबडी ट्रकखाली शिरली, दाणे टिपले आणि सावकाश दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली. होडीच्या बगला माणसांनी धरल्या होत्या. एरवी ‘हैसा, हैसा’ करत ओरडणारी ही माणसं आज देवळात चालावं तशी चालत होती. दिवस कलतो तशी होडी वर चढत होती. कलताना दिसत नाही, कललेला दिसतो.

तेवढ्यात आत्याचा आवाज आला.

“किशे! राहू दे गो आज! ओहोटी लागली, पाणी बघ किती मागं गेलं!”

आत्यानं मागं वळून पाहिलं. नारळाची झाडं तिच्या डोक्यावर होती. तिनं कपात पाहिलं. चहावरची साय मोडली नव्हती.

किशोरीनं इंजिन बंद केलं. अलिबागची फेरी तिच्याविनाच निघणार होती, आणि याचं वाईट वाटायला तिला अजून सवड मिळाली नव्हती. आत्या होडीतून उतरली, एकेका फळीवरून हात फिरवत पूर्ण फेरी मारून आली, आणि तो चहा किशोरीच्या हातात दिला.

येसाजी मिस्त्री तेल गळतंय का ते बघायला ट्रकखाली जायला निघाले. वाकले, थांबले, आणि चपला बाहेर काढून मग आत सरकले.