यांगझोमची शपथ

परदेशात, पापाकुरा नावाच्या उपनगरातल्या एका वृद्धाश्रमात मी नर्स होते. यांगझोम तिथे केअरगिव्हर होती. ती कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत वाढलेली, त्यामुळे आमचं हिंदीत छान जमायचं.

एका दुपारी जोनआजी बाथरूममध्ये पडल्या. त्यांनी घंटा वाजवली तेव्हा अख्ख्या मजल्यावर आम्ही दोघीच होतो. पोचायला चाळीस मिनिटं लागली. मॅनेजरबाईंनी अहवालात पाच मिनिटं लिहिली. व्हिसाच्या भीतीने मी सही केली. यांगझोमने पेन बाजूला सारलं.

"साधा फॉर्म तर आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या.

यांगझोमने पर्समधून पिवळ्या रेशमात गुंडाळलेली छोटी पोथी काढून डोक्यावर धरली. "कोंचोक सुम! बुद्ध, धर्म, संघ साक्षी आहेत. आमच्यात ही शपथ सहसा कोणी घेत नाही. खोटी निघाली तर पुढचे जन्मही नासतात. जोनआजी चाळीस मिनिटं पडून होत्या." मग तिने पोथी पुढे केली. "आता तुम्ही डोक्यावर धरा आणि पाच म्हणा."

मॅनेजरबाईंनी हात मागे घेतले.

मी तो कागद ओढला, माझ्या सहीवर काट मारली आणि खाली 'चाळीस' लिहिलं.

पुढच्या आठवड्यात आम्हा दोघींना एकही शिफ्ट मिळाली नाही. मग आम्ही जोनआजींच्या मुलीसोबत सरळ वृद्धाश्रमांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार नोंदवायला गेलो.

"नावं गुप्त ठेवायची का?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"मुळीच नाही," यांगझोम म्हणाली. "स्पेलिंग सांगते, नीट लिहून घ्या."